दुसरं वजन

काळीपिवळी साडेचारला येणार होती.
त्याआधी बाबा म्हणाले, चाल, बॅग काट्यावर ठेवून पाहू.

हंगाम संपून जिनिंग बंद.
कुंपणाच्या बाभळींना कापसाचा फाफा
अजून अडकून होता.
बाबांनी केबिनचं कुलूप काढलं, स्क्रीनवरची धूळ बाहीनं पुसली.

तेवीस हंगाम त्यांनी इथं गाड्या मोजल्या.
आधी भरलेली, मग रिकामी,
मधलं जे उरेल ते मालकाचं.
माणसांसाठी नाही हा काटा, वीस-वीसच्या उड्या मारतो,
त्याखालचं त्याला काही कळत नाही.
नुसत्या बॅगेला त्यानं शून्य दाखवलं.
"तू बी उभी राय तिच्यासंग."
चाळीस फुटी लोखंडी पाटावर
मी, बॅग, आणि जवसाच्या चटणीचा डबा.
साठ.
आतून चिठ्ठी निघाल्याचा आवाज आला.

घरी आई सकाळपासून बोलत होती.
पोचली का फोन करजो.
पानी उकळून पेजो.
रातपाळी असली तं कोनाच्या संग येजो.
तो जो आत्तासाठी नसतो.
सांगणारं माणूस समोर नसताना करायच्या कामांसाठी
आमच्याकडे क्रियापदाला वेगळी शेपटी आहे.
पॉलिटेक्निकात मी ती कापली.
पुण्याच्या एक मॅडम हसल्या होत्या एकदा,
वाईट नव्हत्या, सहज हसल्या.
मग मी जेव म्हणायला लागले, ये म्हणायला लागले,
सगळं आत्ताचंच.

बेबीताई नगराळे दारात येऊन म्हणाल्या,
नागपूर का लहान पडलं तुले?
नागपूरनं बारा हजार सांगितले होते, खोली माझी मला.
होसूरला एकोणीस, कंपनीची बस, कँटीन.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली.
म्हणाल्या, पन भात देतीन ते. दोन्ही टाइम.
याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हर्षल रडेल असं वाटलं होतं.
त्यानं माझ्या सायकलची सीट
सकाळीच खाली करून घेतली होती.

हिंगणघाटला गाडी दोन मिनिटं थांबते.
बाबांनी बॅग चढवली, खिडकीतून हात आत घातला,
घडी केलेला कागद दिला,
आणि प्लॅटफॉर्मवरच्या घड्याळाकडे बघत राहिले,
ते बंद होतं.

वरोऱ्याला मावशी. भांदकला मावशीची नणंद.
चंद्रपूरला प्रॅक्टिकलचं सेंटर, तिथल्या वडेवाल्याचे पंधरा रुपये
अजून द्यायचे आहेत.
बल्लारशाहनंतर माझ्या ओळखीचं कोणी नाही.
पूल लागला, खाली काळोख. वर्धा नदी असणार.
डब्यातली बोली हळूहळू बदलत गेली,
शेवटी मला फक्त स्वर कळत होते,
कोण दमलंय, कोण लाडात आहे, कोण पैशांबद्दल बोलतंय.

विरूर.
यापुढच्या स्टेशनाची पाटी मला वाचता येणार नव्हती.
म्हणून वाचायला म्हणून चिठ्ठी काढली.

गाडी नंबर: कु. प्रणोती झाडे.
पहिलं वजन: ६०.
दुसरं वजन: नुसती रेघ.
माल: इथं बाबांचं बोट अडखळलं असावं,
एक टिंब आहे.

हा कागद उन्हानं, घामानं कोरा होतो.
सहा महिने, फार तर आठ.
बाबांना माहीत आहे ते, कितीदा भांडलेत कंपनीशी.
म्हणून मागच्या बाजूला सगळं पुन्हा बॉलपेननं,
कागद फाटेल इतकं दाबून.
आणि खाली एक ओळ,
जी समोरून नव्हती:

आली का दुसरं वजन करून घेजो.

ऐकला होता जन्मभर.
लिहिलेला मी कधी पाहिला नव्हता
तो जो.