पुन्ता अरेनास, गाळा नंबर एकतीस

वारा असा, की दुकानाचं दार
उघडणाऱ्याच्या आधी तोच आत येतो.
त्याच्या मागून आले म्हातारे एवारिस्तो ओयार्सून,
टोपी दोन्ही हातांनी धरलेली
आणि दातांत घडी घातलेला कागद.

कागदावर पेन्सिलनं तीन वर्तुळं.
खाली लिहिलेलं : लाल, पांढरं, पिवळं.
"माझ्या टीव्हीच्या पाठीला एवढीच भोकं.
जे काही विकाल, ते यांतून गेलं पाहिजे."

मी तीन डब्या काउंटरवर मांडल्या.
बावीस हजार पेसो. अडतीस. पासष्ट.
पासष्टवाली जरा पुढे सरकवून,
कारण महिनाअखेर होती, आणि मालक आरसिदेस
मागच्या खोलीतून माझ्या बोटांवर नजर ठेवतो.
म्हटलं, हिच्यात चित्र असं लख्ख,
की पेंग्विनच्या पिसावरचे थेंब मोजावेत.
"पेंग्विन मी चाळीस वर्षं फुकट बघितलेत."

मग त्यांचे प्रश्न.
इंटरनेट गेलं तर ही रुसून बसते का?
रिमोटवर बटणं किती, त्यांतली शोभेची किती?
दर महिन्याला हिला काही खायला घालावं लागतं?
आणि थांबवून मी किटली उतरवायला गेलो
तर परत येईपर्यंत तिथंच थांबेल ना,
की आपली पुढे निघून गेलेली असेल?

खिशातून लोकरीचा मोजा निघाला, मोज्यातून हार्ड डिस्क.
मुलीनं वाल्दिव्हियाहून पाठवलेली,
जुन्या कॅसेटी कुणाकडून तरी तिच्यावर उतरवून.
"लावून दाखवा. न बघता मी बोटीचा खिळासुद्धा घेतला नाही कधी."

बावीसवालीला लावली. पडदा काळा.
खाली सेकंद तेवढे सरकताहेत, मुक्यानं.
म्हटलं, स्वस्तात हे असंच होतं.
अडतीसवाली. पडदा काळा.
केबल उपसली, फुंकली, पुन्हा खोचली. काळाच.
पासष्टवालीकडे हात नेला,
आत आरसिदेस समाधानानं खाकरला,
आणि ओयार्सूननी माझं मनगट धरलं.
"थांबा. आवाज वाढवा."

आधी वारा. इथलाच, ओळखीचा.
मग एक कुत्रं, पातेल्यावर पळी,
मग एक बाई, तोंडात घास :
"एवारिस्तो, नक्की शूटिंग होतंय ना?"
एक तरणा, ठाम आवाज : "होतंय. तू बोल."
"काय बोलू? बटाटे शिजलेत का ते बघतेय."
आणि मग ती बोलतच राहिली.
बटाट्यांवर, जावेच्या चपलांवर,
कुणा पेद्रिन्याच्या लग्नात कमी पडलेल्या मटणावर.

कॅमेऱ्याचं झाकण काढलंच नव्हतं.
"एकोणीस मिनिटं," ओयार्सून म्हणाले.
"मी डोळा लावून बसलेलो.
मला वाटलं, चुलीचा धूर फार झालाय."

बाकीच्या कॅसेटींत?
"बाकीच्यांत दिसते नोल्फा. दिसते म्हणजे, पाठमोरी.
कॅमेरा बघितला की गप्प व्हायची, तोंड फिरवायची.
बोलली ती या एकीतच."

अडतीसवाली बांधायला घेतली.
तीन वर्तुळांसाठी जोडणीची वायर वेगळी, सहा हजार.
त्यांनी वायर हातात घेतली, उलगडली,
तिन्ही टोकं काउंटरवर निरखली.
"आवाज कुठून जातो?"
लाल आणि पांढरी.
"मग पिवळीचे दोन हजार वजा करा. मला लागत नाही."

आरसिदेस बाहेर आला. तोंड उघडलं, मिटलं.
चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला उत्तर सापडलं नाही.
चार हजार लावले.

ओयार्सूननी नाणी मोजून ठेवली,
डिस्क पुन्हा मोज्यात, मोजा खिशात, टोपी दोन्ही हातांत.
मी पिवळं टोक मुडपून चिकटपट्टी लावू लागले, तर म्हणाले,
"राहू दे मोकळी.
पाठमोरी तरी बघेन."