चार बोटं उजवीकडे

एव्हर्ती दारात आधी बूट आपटतो,
मग टोपी काढतो, मग रायफल टेबलावर ठेवतो,
आणि हे सगळं आटोपल्यावर
बोलायचं की नाही ते ठरवतो.
कुहमोत माणसं अशीच. मी तोवर कॉफी ओतते.

"दस्ता बदल," तो म्हणाला. "प्लास्टिकचा बसव."

दस्ता बर्चचा. अक्रोड तेव्हा कुणाला परवडत होतं!
सत्तेचाळीस हंगाम त्याचा गाल टेकून टेकून
तिथं लाकूड मधाच्या रंगाचं झालेलं.
माझ्या वडिलांनी घडवलेला;
जवसाचं तेल तळहातानं चोळत राहिले
हात भाजेपर्यंत, लाकूड पुरे म्हणेपर्यंत.
मुठीवरच्या जाळीत एक रेघ चुकलीय.
त्या दुपारी माझा जन्म झाला, असं घरी सांगत.
खरं असेल. वडील रेघ चुकणाऱ्यातले नव्हते.

नळीखालून कागदाची पट्टी सरकवून पाहिली.
पूर्वी ती अलगद जायची, आता मध्येच अडली.
नऊ दिवस पाऊस, दहाव्या दिवशी धुकं:
लाकूड पाणी प्यालं, अंगानं फुगलं,
आणि नळीला एका बाजूनं खांदा लावून उभं राहिलं.
दीडशे मीटरवर चार बोटं उजवीकडे.
कागदाच्या निशाणावर चार बोटं म्हणजे काहीच नाही.
एल्कच्या बरगड्यांत
चार बोटं म्हणजे एक रात्र.

ती रात्र त्यानं सांगितली नाही.
नातवाकडून कळली, योएलकडून.
कुत्रा, कंदील, दलदल,
लिंगनच्या पानांवर थेंब,
मग बराच वेळ काही नाही,
मग थेंब.
उजाडताना सापडली. जिवंत होती अजून.
आजोबांनी योएलची रायफल मागून घेतली,
काळी, कारखान्यातून आलेली,
जिला पाऊस काय नि ऊन काय.

मी म्हटलं, "आतून खरवडते, राळेचा लेप देते,
पाण्याचा टिपूस शिरणार नाही."
तो खिडकीबाहेर बघत म्हणाला,
"तू देशील गं लेप. पण ट्रिगरवरचं बोट
दरवेळी विचारेल, आज कुणीकडे?"

मग मी वाद घातला नाही.
काळ्या दस्त्यावर नखानं टकटक केलं:
पालथ्या होडीसारखा पोकळ आवाज.
वाटेत फांदी घासली तर अर्ध्या रानाला कळेल.
हेही सांगितलं त्याला. धंदा म्हणून नव्हे.
(धंद्याचं म्हणाल तर प्लास्टिक दुरुस्तीला
आजवर कुणीही आणलेलं नाही.)
त्यानं खांद्याला लावून पाहिली.
"हलकी झाली," म्हणाला, तक्रार केल्यासारखं.
शहात्तर वर्षांच्या खांद्यानं.

पैसे मोजून दिले. लाकडाचं काय करायचं
ते बोलला नाही, मीही विचारलं नाही.
वडिलांच्या कानशींशेजारी खिळ्याला टांगलं.
शेगडीच्या उबेनं डिसेंबरपर्यंत ते सुकलं.
एका संध्याकाळी, उगीच,
एक जुनी नळी त्यात बसवली
आणि पट्टी खालून सरकवली.
गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठं न अडता.

फोन उचलला होता.
ठेवून दिला.

यंदाच्या सप्टेंबरात तो आला,
पट्ट्याचा एक स्क्रू हवा होता.
काळ्या दस्त्यावर, गाल टेकतो तिथं,
कातड्याचा तुकडा चिकटवलेला,
वाकडातिकडा, कडेनं गोंद ओघळलेला.
"गार लागतं," तो म्हणाला.
एल्कचं कातडं आहे, हे मला दिसत होतं.
कुठल्या एल्कचं, ते विचारलं नाही.

मी खण धुंडाळत होते तेव्हा
तो खिळ्यापाशी जाऊन उभा राहिला.
मुठीच्या जाळीवरून अंगठा फिरवला,
चुकलेल्या रेघेपाशी थांबला.
मग मागं न वळता
स्क्रूचे किती झाले, म्हणाला.