हयातीचा दाखला

नोव्हेंबर. महालातली बँक.
आपण अजून आहोत
हे सांगायला आलेल्या माणसांची रांग.
कुणाचा अंगठा उमटत नाही.
लांजेवार मॅडम म्हणतात, पुसा, पुन्हा ठेवा.

माझ्यापुढे निनावे.
ओळख नाही, नाव पासबुकावर वाचलं.
इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटाला प्लास्टिकची पिशवी.
पासबुक खाली पडलं.
वाकले.
आणि झालं.

लहान नव्हतं.
जुनी चादर फाडावी तसं, लांब,
शेवटी एक प्रश्नचिन्ह.

काहींनी पंख्याकडे बघितलं.
एकानं मोबाइल कानाला लावला, जो वाजलाच नव्हता.
गार्डनं बंदुकीचा पट्टा सारखा केला.
आजोबांसोबत आलेला एक पोरगा
तोंडात रुमाल कोंबून लालबुंद.
"तर्री-पोहा," कुणीतरी मागे पुटपुटलं.

शिंकेला आपल्याकडे शब्द आहे.
उचकी लागली की विचारतो, कोण आठवण काढतंय.
जांभईपुढे चुटकी वाजवतो.
ढेकर दिला की वाढणारीला बरं वाटतं.
याच्यासाठी
एवढ्या जुन्या भाषेत
म्हणी आहेत, शिव्या आहेत,
उत्तर नाही.

आणि मी? मी चपलेचा अंगठा बघत होते.
मी, जिनं मेयोच्या सर्जिकल वॉर्डात
एकतीस वर्षं खाटेखाटेशी थांबून विचारलं,
वारा सरला का, काका? सरला का गं, बाई?
सरला म्हटलं की तक्त्यावर वेळ लिहायची,
आता चमचा-चमचा चहा द्या, सांगायची.
कामठीच्या एका बाईचा नवरा तर
पडद्यापलीकडून तो आवाज ऐकून
भिंतीला टेकून रडला होता.

निनावेंची मान मला मागून दिसत होती,
कॉलरच्या वर लाली चढत चाललेली.
पासबुक उचलून झालं होतं
तरी ते थोडे वाकलेलेच.
मला काही म्हणता आलं असतं.
नाही म्हटलं.

खिडकीजवळच्या बाकावरून
एक म्हातारी, डोक्यावर पदर, दोन्ही कानांत कापूस,
खणखणीत म्हणाली,
"शतंजीव रे बाप्पा!"

कुणालाच काही सुचेना.
मग निनावे वळले.
एका हातात पिशवी, म्हणून नमस्कार अर्धाच झाला.
"सर्दी आहे जराशी," म्हणाले.
"थंडी पडून रायली ना, भाऊ," गार्ड म्हणाला.
पोरगा खोकत बाहेर पळाला.
रांग एक पाऊल सरकली,
निनावेंचा अंगठा दुसऱ्यांदा उमटला.

बऱ्याच वेळानं लांजेवार मॅडम
कागदातून मान न काढता
स्वतःशी बोलल्यासारख्या पुटपुटल्या, कुणाचं तरी नाव.
मी तीन हातांवर, मला नीट ऐकू आलं नाही.

म्हातारी उठली,
पदर सावरत म्हणाली,
"आली, आली."