उलटी अक्षरं

मी खिळे जुळवणारा, भद्रकालीतल्या छापखान्यात सोळा वर्षं.
मजकूर मला आधी आरशातला भेटतो,
अर्थ मागाहून येतो, शाईबरोबर.
म्हणून 'सालदाराची जबानी'ची पहिली आठ पानं
मी लग्नपत्रिकेसारखीच जुळवली.

नवव्या पानावर तुळजी गावित म्हणाला
(तो सांगत गेला, रात्रशाळेच्या महाले मास्तरांनी उतरून घेतलं):
"आखाजीला साल ठरलं. उचल बापानं घेतली.
बाप मेला, साल सरंना.
मालकाचा बैल आजारला तं डाक्टर आला नाशिकहून,
मपली बायको आजारली तं वहीत खाडा लागला."
'खाडा'तला ड शोधत माझा हात
खणांवरून नुसता फिरत राहिला.

पाचशे प्रती, बारा आणे.
कालव्याच्या पल्याड, वस्तीवर,
त्या वाचल्या नाहीत कुणी, वाचून दाखवल्या,
शेकोटीशी, वाक्यावाक्याला थांबून.
एक म्हातारी म्हणाली म्हणे, हे तर माझं. ह्याला कुणी सांगितलं?

अल्याड, उसात अन् द्राक्षाच्या मांडवांत,
प्रत एकानंही विकत घेतली नाही.
वाचली मात्र सगळ्यांनी.
महिन्याभरात रंगनाथराव जीपमधून उतरले,
हातात वही: 'आमची माणसं, आमचं घर'.
सुबक अक्षर. त्यात सालदार हसत होते,
सणाला पुरणपोळी, पोरीच्या लग्नाला मालकाचा हात.
रंगनाथरावांना ते खरंच वाटत होतं. तेच अवघड.
तुळजीचा मजकूर सोडवून
मी त्याच खिळ्यांनी त्यांचा जुळवला.
'भाकरी'तला भ 'भाऊबंदां'त बसला, चपखल.

मग कालवा रुंद झाला. पाणी तेवढंच.
पलीकडची माणसं आता नुसती 'ते' झाली.
एका बाकावरची पोरं दोन भिंतींना टेकली.
हॉटेलात कप वेगळे होतेच,
आता ते वेगळे आहेत हे डोळ्यांत खुपायला लागलं.
सोसायटीच्या सभेत कुणी 'साल' म्हटलं की खुर्च्या सरकायच्या.
निवृत्ती पाटकरी दोन्हीकडे चहा प्यायचा,
त्याला दोन्हीकडून एकच सवाल:
तू कुठलं पुस्तक वाचलंस?

आखाजीच्या रात्री गंजी पेटल्या.
तुळजीचा भाऊ, रंगनाथरावांचा पुतण्या, आणि निवृत्ती,
तिघं सिव्हिलला नेले.
दोघं परतले.

रंगनाथराव म्हणतात, आग पुस्तकानं लावली.
मास्तर म्हणतात, गवत आधीच वाळलेलं होतं.
मला कुणी विचारलं नाही.

दुसरी आवृत्ती दोघांचीही निघाली नाही.
काल शेवटची गॅली सोडवली,
खिळा खिळा आपापल्या खणात.
'मालका'तला म, 'माणसा'तला म,
पडताना आवाज तोच, टक्.
स मात्र पार झिजलाय.
साल, सण, सुख, सुटका,
दोन्हीकडून फार राबवला गेला.

फाउंड्रीला कार्ड टाकलंय:
नवा स, पाच रत्तल, लवकर पाठवावा.
तिसरं बाड आलंय.
बाईचं आहे. नाव घातलेलं नाही.