वीस अंश

वाघोडिया रस्त्यावरच्या कारखान्यात
एसीच्या खोलीत बसून मी टायर कापते.
सुरीने नाही, आकड्यांनी.
दोन लाख बारा हजार तुकडे,
प्रत्येकाला आठ कोपरे,
प्रत्येक कोपऱ्याला शेजाऱ्यांची नावं पाठ.
एकाला धक्का लागला
की सगळ्या वस्तीला कळतं,
कुणाला लगेच, कुणाला जरा उशिरा,
रबर असल्यामुळे थोडं विसरतही जातात.

संध्याकाळी गणित लावून
मी स्कूटरवरून दांडिया बाजारात घरी येते.
रात्रभर तिकडे यंत्र समीकरणं सोडवतं,
इकडे मी भाजी फोडणीला टाकते.

सकाळी पडद्यावर
चाक आधी बदामासारखं लांबतं,
मग तीन कोपऱ्यांचं होतं,
मग पाच पाकळ्यांचं.
हे सगळं हजारपट वाढवून.
खरी हालचाल केसाहून बारीक,
पण ड्रायव्हरच्या पाठीला तेवढी पुरते.

आणि एक कंप रबराचा नाहीच.
आत कोंडलेली हवा
रिमभोवती गोल घुमते, तिचा.
माझं भाकीत : सेकंदाला दोनशे चौदा वेळा.
ट्रॅकवरून छगन पढियार यांनी आणलेला आकडा :
दोनशे अठ्ठावीस.

चौदाचा फरक.
तीन आठवडे मी संशय घेत राहिले.
रबर दुप्पट ताठ केलं, शिखर जागचं हललं नाही.
पोलादी तारांचा कोन बदलला.
रिम बदलली.
शेवटी पढियारांवरच आले :
सेन्सर मेणाने नीट चिकटवला होता ना?
ते काही बोलले नाहीत.
मेणाची वडी खिशातून काढून माझ्यापुढे ठेवली फक्त.

मे महिन्यातली दुपार. गाडी नुकतीच थांबलेली.
त्यांनी माझं मनगट धरून
तळहात टायरच्या कुशीवर टेकवला.
मी हात झटकन मागे घेतला.
"बेन, अंदरनी हवा तो चा जेवी."

खोलीत परत येऊन फाइल उघडली.
अगदी वरच्या ओळीत, रबराच्याही आधी :
हवा. तापमान. वीस.
कुणी भरलं होतं?
माझ्याआधीच्या कुणीतरी, त्याच्याआधीच्या कुणीतरी,
त्याने कुठल्याशा थंड देशाच्या पुस्तकातून.
वडोदऱ्यात वीस अंश म्हणजे
जानेवारीत सातच्या सुमारास कमाटीबागेत
माकडटोपी घालून फिरणारे चार पेन्शनर.
मी सहा वर्षं त्या ओळीखालून ये-जा करत होते,
दाराच्या चौकटीवर वर बघतं कोण?

साठ भरले.
तापलेल्या हवेत आवाज जोरात पळतो,
हे नववीत शिकले होते, मार्कही मिळाले होते.
दुसऱ्या दिवशी आकडा आला :
दोनशे सत्तावीस पूर्णांक आठ.

मी धावत सांगायला गेले.
पढियार नखाने सेन्सरवरचं मेण खरवडत होते.
"तो हवे अवाज जशे?"
नाही, म्हटलं, जाणार नाही.
कुठे येणार ते आधी कळेल.
ते हसले. "ए तो मने पण खबर हती."

अजून एक सांगायचं राहिलं.
चाक नुसतं टांगलेलं असतं
तेव्हा हवेचा एकच सूर असतो.
गाडीचं वजन आलं, तळ जरासा चपटा झाला,
की त्याचे दोन होतात.
एक खालीवर जाणारा, एक मागेपुढे.
जवळजवळ सारखे, पण एक नव्हेत.
आलेखावर ती दोन शिखरं शेजारी शेजारी बघताना
मला अजूनही काहीतरी म्हणायचं असतं
आणि म्हणत नाही.
आजवा चौकडीच्या सिग्नलला मात्र
कांद्याच्या ट्रकची चाकं खालून बघत बसते,
मागचा हॉर्न वाजवेपर्यंत.

अहवालात प्रत्येक आकड्यापुढे
स्रोत लिहायचा रकाना असतो.
साठ अंशांपुढे मी लिहिलं :
पढियार, उजवा तळहात.
साहेबांनी तांबड्या पेनाने प्रश्नचिन्ह काढून
कागद परत पाठवला.
मी प्रश्नचिन्हासकट तसाच पुढे धाडला.