उजवी पट्टी आधी

कुताइसीच्या इस्पितळातला पोरगेला डॉक्टर म्हणाला,
मानेचा दुसरा मणका तडकलाय.
बारा आठवडे कॉलर. झोपेतसुद्धा.
मग माझ्याकडे वळून:
दिवसातून एकदा उघडायची, पुसण्यापुरती,
तो उताणा असताना,
डोकं दुसऱ्या कुणीतरी धरलेलं असताना.
किती घट्ट, मी विचारलं.
एक बोट जाईल इतकी.
माझी बोटं त्यानं पाहिली नव्हती.

तर रोज सकाळी शेजारचा जुमबेर येतो,
गाय पिळून, कोपरापर्यंत हात धुऊन.
उशाशी गुडघे टेकतो
आणि नुगझारचं डोकं दोन तळव्यांत धरतो,
काठोकाठ भरलेला वाडगा धरावा तसं.
कुंपणाच्या हातभर जमिनीवरून
सात वर्षं हे दोघं बोलत नाहीत.
आताही बोलत नाहीत.

उजवी पट्टी आधी, मग डावी.
पुढचं कवच उचललं की वास येतो,
भिजलेल्या पिसांचा, सांडलेल्या सूपचा,
आणि त्याच्याखाली कुठेतरी त्याचा स्वतःचा.
हनुवटीखाली बघते, कानांमागे,
खांद्याच्या हाडावर, जिथे कड टेकते.
लाल डाग दाबला की पांढरा होतो का?
होतो.
जुमबेर श्वास रोखून असतो. मीही.
कोमट पाणी, जरासा साबण, कोरडा पंचा,
अस्तरांचा दुसरा जोड,
आणि आदल्या दिवसाचा जोड न पिळता, सपाट,
गच्चीत, वाळत टाकलेल्या पर्सिमनच्या माळांखाली.

खाज सुटते तेव्हा तो विणायची सुई मागतो.
सुया मी एतेरीकडे ठेवून आलेय.

त्याला ताट दिसत नाही, पायरी दिसत नाही,
पायात घोटाळणारी मांजर दिसत नाही.
मान हलवता येत नाही,
म्हणून आता हो म्हणायला
त्याला खरोखर 'हो' म्हणावं लागतं.
चौतीस वर्षं मी विचारत आले
आणि माझं तोंड चुलीकडे असताना
माझ्या पाठीमागे तो मान डोलवत राहिला.
आज विचारलं, मीठ बरोबर आहे?
हो, म्हणाला.
मी पुन्हा विचारलं.

गावातल्या प्रत्येक पंगतीचा तमादा हाच.
लग्न असो, मयत असो, हाच उठणार, हाच बोलणार,
मान मागे टाकून शिंग रिकामं करणार.
संत गिओर्गीच्या दिवशी उठला,
सदऱ्याचं वरचं बटण कॉलरवर लागेना.
गेलेल्यांच्या नावानं बोलला, नेहमीपेक्षा थोडं,
आणि वाइन प्यायला नळीनं.
प्लास्टिकची, निळी, नातवाच्या वाढदिवसातली उरलेली.
कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं.
जुमबेर आपल्या ताटात बघत राहिला.
त्याला बघता येतं.

गावानं चाळीस वर्षं त्याचा मान राखला.
मी बारा आठवडे त्याची मान राखतेय.
यातलं अवघड कोणतं ते मला विचारू नका,
मला अस्तरं धुवायची आहेत.

शेवटी फोटो काढला. जुळलंय, म्हणाला डॉक्टर.
कॉलरच्या आतून निघालेली मान
बारीक, पांढरी, नुकत्याच सोललेल्या कांडीसारखी.
तीवर मध्यभागी एक आडवी रेघ,
कुणी पेन्सिलीनं खूण करून ठेवावी तशी.
घरी येताना गाडीत तो समोरच बघत राहिला,
जणू कॉलर अजून तिथेच आहे.
रात्री म्हणाला, लाव ना, फक्त झोपेपुरती.
लावली. एक बोट जाईल इतकी,
त्याचं बोट.

सकाळी जुमबेर सवयीनं आला.
काढली, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.
ओले हात पुढे धरून दारात उभा,
धरायला काही नाही.
कोण आलंय ते बघायला नुगझार वळला,
खांद्यासकट नाही, नुसत्या मानेनं,
बोटभर.
मी चहाचा तिसरा पेला काढला.

कॉलर धुऊन, वाळवून, माळ्यावर ठेवलीय.
टाकली नाही.
अक्रोडाचं झाड अजून तिथेच आहे,
आणि शिडीही.