खालची रेघ

पेडल खोल जातं, लेतेब्रहान म्हणाली,
पाय तळाला टेकतो, मग गाडी विचार करते
थांबावं की थांबू नये.
दोनदा दाबलं की येतं वर.
पण दोनदा दाबायला सवड कुठे, गिरमाय,
नेफासितच्या धुक्यात, मस्सावाच्या उतारावर?

नसतेच.
मी पुढचं झाकण उचललं. सहाशे फियाट,
इंजिन पाठीला, पोटाशी टाकी आणि स्टेपनी,
कोपऱ्यात ब्रेक ऑइलची डबी.
डबीवर खिळ्यानं ओरखडलेली रेघ,
ऑइल तिच्या दोन बोटं खाली, काढ्यासारखं काळं.

संपलं असेल, भर की, ती म्हणाली.
हे संपत नसतं, बाई.
पेट्रोल जळतं, पाणी उडून जातं,
हे कमी दिसलं तर कुठून तरी बाहेर पडलंय.

पेडलखालचं मॅट चाचपलं. कोरडं.
पुढची चाकं आतून कोरडी, धूळ भुरभुरीत.
मागचं डावं...
तिथे धुळीचा चिखल झालेला,
रिमचा रंग फोड येऊन सुटलेला,
बोटाला बुळबुळीत.
ड्रम ठोकून ठोकून काढला.
सिलिंडरच्या रबरी टोपीला चीर,
उन्हात उललेल्या ओठासारखी,
आणि खाली ओघळावर ओघळ, थरावर थर.

हे आजकालचं नाही, मी म्हणालो, तीन वर्षांचं तरी.
वडील कधी बोलले नाहीत, ती म्हणाली,
शनिवारी कॉफी झाली की गाडी पुसायचे, तेवढंच.
त्यांना जाऊन सहा आठवडे झाले.
मग तिचा हात दाराच्या कप्प्यात गेला:
खोकल्याच्या औषधाची बाटली, तळाशी बोटभर ऑइल,
एक चिंधी, एक खिळा.

तेव्हा मला आठवलं.
याच फरशीवर मीच वोल्दूंना म्हणालो होतो,
रबर मिळत नाही, आलं की निरोप धाडतो,
तोवर लक्ष ठेवा.
त्यांनी ठेवलं.
रबर मधे एकदा आलं होतं,
दुसऱ्याच कुणाच्या चाकात गेलं.

हे तिला सांगितलं नाही.
बसनं जा, एवढंच म्हणालो, गाडी राहू दे.

रात्री ड्रम परत बसवला,
डबी रेघेपर्यंत भरली, पेडल वीसदा दाबलं,
चाकाखाली पुठ्ठा सरकवला.
सकाळी पुठ्ठ्यावर डाग होता,
कॉफीच्या फिंजालच्या बुडाएवढा,
आणि अजून पसरत होता.